पाऊस नसताना गळणारं छत

नोकरीत झोपणाऱ्या माणसाला घरी बसवतात. माझं उलट होतं. मी झोपले नाही, की मला मालकांसमोर उभं राहावं लागायचं. "कमलताई, आज जाग्याच होता म्हणे?" असं आमचे निनादसर विचारायचे आणि मी ओशाळून म्हणायचे, "व्हय ओ सर, डोळाच लागला न्हाई. पायाकडच्या कपाटात कायतरी वाजतंय." मग ते कपाट उघडायचं, आणि बिजागरीचा एखादा स्क्रू ढिला निघायचाच.

आमची शेड मुळशीत, उरवड्यात. एका अंगाला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि मागे डोंगराकडे चढत जाणारी दगडांची वाट. या शेडमध्ये कॅम्पर बांधतात. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, कॅम्पर म्हणजे जीपच्या मागे अडकवायची दोन चाकांची खोली. आत दोघांना पुरेल एवढी गादी, पायाशी कपाटं, मागची फळी वर उचलली की स्वयंपाकाचा ओटा, खाली पाण्याची टाकी. डांबर संपलं की हॉटेलं संपतात. तिथून पुढे ज्यांना जायचं असतं त्यांच्यासाठी ही खोली, आणि ती ज्याच्या-त्याच्या मनासारखी वेगळी बांधून द्यायची. गावात तिला 'झोपायचा डबा' म्हणतात. आमच्या पाटीवरच्या इंग्रजी नावापेक्षा मला तेच बरं वाटतं.

मी तिथे गाद्यांच्या खोळी शिवायला लागले होते. त्याआधी पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते, तिथे उभं राहून राहून पोटऱ्यांना गोळे यायचे. इथे मशीनवर बसायला मिळालं म्हणून मी खूश. एकदा श्रावणातल्या दुपारी नवी गादी सरळ बसलीय का ते बघायला म्हणून मी कॅम्परमध्ये आडवी झाले, आणि बाहेरच्या पावसाच्या आवाजात कधी झोप लागली ते कळलंच नाही. कानात थेंब पडला तेव्हा जाग आली. आता आपली धडगत नाही, असं वाटून मी बाहेर आले, तर सर माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या ओल्या कानाकडे बघत होते. त्या कॅम्परवर त्यांचं पाइपाने पाणी मारून झालं होतं आणि तो पास झाला होता. पण पाइपाचं पाणी सांगू तिथेच पडतं. मुळशीचा पाऊस कुणाचं ऐकत नाही. तो आडवा येतो, खालून येतो, मागे फिरून दाराच्या फटीत शिरतो. त्या दिवसापासून शेडमध्ये रीतच पडली. कमलताई आत झोपून उठल्याशिवाय कॅम्पर गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "पगार झोपायचा देत्यात तर रजा कशाची घेतीस?"

पण ते झोपणं सोपं नव्हतं हो. दार लावून घेतलं की नव्या प्लायचा, रबराचा आणि डिंकाचा मिळून एक गोडसर वास यायचा. छतावर पाऊस. सुरुवातीला तो नुसता पाऊस असतो. मग हळूहळू सुटा सुटा ऐकू यायला लागतो. पत्र्यावरचा वेगळा, खिडकीच्या कडेवरचा वेगळा, चाकाच्या वरच्या मडगार्डवरचा जाड. डोळे जड झाले की वाटायचं, डबा चाललाय. कुणीतरी पुढे जीपला बसलंय आणि आपल्याला उंच घाटातून नेतंय, डाव्या हाताला पाणीच पाणी आहे, धरणासारखं, पण पलीकडचा काठच दिसत नाही. मी हात लांब करून ते पाणी धरायला जायचे आणि हाताला गादीची शिवण लागायची. अशा अर्धवट झोपेत माणसाला जे ऐकू येतं ते जागेपणी येत नाही. बारीकशी शिट्टी आली, की समजायचं दाराच्या रबराला कुठेतरी फट आहे.

आमचे कॅम्पर लडाखला गेले, कच्छच्या रणात गेले, अरुणाचलात गेले. मी त्यातल्या प्रत्येकात झोपले आणि उठले ती उरवड्यातच. याचं वाईट वाटतं, नाही म्हणणार नाही. गिऱ्हाइकं फोटो पाठवायची, बर्फात उभा केलेला आपला डबा, दारात वाफाळता चहा. सर मला मोबाइल दाखवायचे आणि मी म्हणायचे, ती पिवळी खोळ माझ्या हातची.

विकत घ्यायला आलेलं माणूस सगळ्यात आधी गादी दाबून बघतं. मग दिवे लावून-मालवून बघतं, कपाटांच्या मुठी ओढून बघतं. खाली वाकून कुणी बघत नाही, आणि कॅम्परचा सगळा जीव खाली असतो. जीपला जोडायचा दांडा खालच्या सांगाड्याला जिथे मिळतो तिथला वेल्ड एकसारखा बसलाय का, की रंगाखाली भोकं झाकलीत? वायर पत्र्यातून जाते तिथे रबराचं कडं आहे, की ती उघड्या धारेवर घासतेय? प्लायच्या कापलेल्या कडा रंगाने बंद केल्यात, की पाणी प्यायला मोकळ्या सोडल्यात? दगडांच्या वाटेवर हा डबा एका दिवसात जेवढे हादरे खातो, तेवढे एखादं घर जन्मात खात नाही. म्हणून आम्ही आधी रिकामा डबा जीपला लावून मागच्या वाटेने वर नेऊन आणायचो आणि मग मी झोपायचे. एका गिऱ्हाइकाला आत देव्हारा हवा होता, आणि गाडी कुठेही उभी केली तरी देवांचं तोंड पूर्वेला पाहिजे. आमचा वेल्डर मौर्या, उत्तरेकडचा, भारी कारागीर. त्याने बेअरिंगवर फिरणारा देव्हारा करून दिला. दगडांच्या वाटेवरून डबा परत आला तेव्हा सगळे देव गरागरा फिरून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग देवांना खिटी लावली.

पण मला सांगायचंय ते बबननानांबद्दल.

नाना माण गावचे. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजली इमारत उठवली होती आणि खोल्याखोल्यांतून भाडेकरू भरले होते. ते आले तेव्हा बरोबर त्यांची बायको होती, सुलावहिनी. बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळं, फारसं न बोलणाऱ्या. नानांनी गादी दाबली नाही. परीटघडीच्या पांढऱ्या शर्टानिशी ते सरळ जमिनीवर उताणे झाले आणि एका तयार कॅम्परखाली सरकले. अंगठ्याने वेल्ड दाबून बघितले. उठून बाटलीतलं पाणी दाराच्या फटीवर ओतलं. खाली वाकणारा माणूस भेटला म्हणून सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली.

"एकदा फसलोय," नाना म्हणाले. "इमारतीच्या टायमाला ठेकेदारानं छतात खाल्लं. दर पावसाळ्याला वरचा मजला गळतुया. भाडेकरू बादल्या लावून झोपत्यात आन सकाळी माज्याकडं बगत्यात. आता डोळ्यांदेखत बगूनच घेनार."

"कुठे कुठे फिरायचा विचार आहे?" सरांनी विचारलं.

"कुटंच न्हाई. झोपायला पायजे."

मला हसू आलं. "का ओ नाना, घरात पलंग न्हाई व्हय?"

"पलंग हाय," ते म्हणाले. "वर लायटी हायेत, खाली जनरेटर हाय, रातभर मोटरसायकली हायेत. मला झोपून वर्सं झाली, ताई. डोंगराकडंला जाऊन पडीन म्हनतो. जिथवर जीप जाईल तिथवर. पर डबा असा पायजे, की आत कायसुदिक येता कामा नये. उजेड नगं, आवाज नगं, आन पान्याचा थेंब तर अजाबात नगं."

सरांनी डब्याचा नकाशा काढला तसा नाना एकेक गोष्ट खोडत गेले. उघडणाऱ्या खिडक्या नकोत. आतून लाकडी छत नको, सडतं, पत्राच पाहिजे. सर म्हणाले, छताला हवेसाठी एक झरोका ठेवावा लागतो, वर उचलायचं झाकण असतं. नाना उभेच राहिले. "छताला भोक पाडायचं आन मग त्यावर झाकान शोधायचं? त्यापरीस भोकच का पाडावं?"

आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांना नानांचंच पटलं. आम्ही मुळशीची माणसं. पावसाळ्याच्या तोंडाला घराच्या वाऱ्याकडच्या अंगाला पेंढ्याचे पडदे बांधून घर गच्च बंद करणारी. आमच्या हाताला फट दिसली की ती बुजवायचीच सवय. गिऱ्हाइकाने मागितलं आणि आम्हाला तेच येत होतं, मग काय विचारता! जोड न् जोड बंद केला. फक्त दाराजवळ खाली एक छोटी जाळी सरांनी हट्टाने ठेवली. तेवढी नसेल तर मी डबा देणारच नाही, म्हणाले. परतीच्या पावसात मी त्या डब्यात झोपले. बाहेर आभाळ फाटलं होतं आणि आत काडेपेटीसारखं कोरडं. इतकं निःशब्द, की मला स्वप्नसुद्धा पडलं नाही. नाना डबा घेऊन गेले.

थंडी पडल्यावर ते परत आले. जीपमागे डबा, शेजारी वहिनी. खाली उतरून त्यांनी एकच शब्द उच्चारला. "गळतंय."

सरांनी वर बघितलं. आभाळ निळंशार. दिवाळीनंतर पावसाचा टिपूस नव्हता. "नाना, पाऊस कुठे आहे?"

"त्ये तुमी सांगा. आमी धरनाच्या वरल्या अंगाला माळावर उभं केलं. पहाटं कपाळावर थेंब पडला. मग उशीवर. मग हिच्या गालावर. दुसऱ्या दिशी बी तेच. म्हंजी मी खोटं बोलतुया व्हय?"

शेडमधली सगळी माणसं डब्याभोवती जमली. मी आत जाऊन पडले, दार लावलं, मौर्याने पाइप सोडला. वरून, बाजूने, खालून, जमेल तिथून पाणी मारलं. मी डोळे मिटून ऐकत होते. एक थेंब नाही. बाहेर येऊन मी कोरडा पदर दाखवला, तसा नानांचा चेहरा लाल झाला. "परत घ्या ह्यो. मला नगं," म्हणाले आणि जीपच्या पायरीवर जाऊन बसले. आधी ठेकेदार, आता आम्ही. आपल्या वाट्याला सगळं जगच गळकं आलंय, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

मी नळावर हात धुवायला गेले, तर वहिनी मागोमाग आल्या.

"ताई, ह्यो डबा परत घिऊ नका," त्या म्हणाल्या.

"अवं पर नाना तर..."

"त्ये म्हनत्यात. तुमी घिऊ नका. ह्यो गेला तर ते आता दुसरं कायच करनार न्हाईत." मग इतका वेळ गप्प असलेली ती बाई बोलतच राहिली. "रातच्याला उठत्यात. गच्चीवर जात्यात, कठड्याला धरून हुबं ऱ्हात्यात. मग खाली येऊन फाटकाचं कुलूप हलवून बगत्यात. मग पानी पित्यात. मग खाटंवर पाय सोडून बसत्यात, आन एकेक असला उसासा टाकत्यात, की मला वाटतं आता छातीच फुटंल. गोळ्या झाल्या, मालीश झालं. आता दिवसा गाडीवर डोळा लागतुय. परवा पौडच्या रस्त्याला जीप कठड्याला घासली. मी वरडले म्हनून हायेत. ह्यो डबा शेवटचा, ताई. आनी ह्येच्याबिगर काय न्हाई माज्याजवळ."

मी त्यांचा हात धरला, तो गार होता.

मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सर डब्याभोवती एक फेरी मारून आले. मग नानांना म्हणाले, "आजची रात्र इथेच, आमच्या आवारात झोपा. सकाळी दार आपण मिळून उघडू. गळत असेल तर मला माझ्या डोळ्यांनी बघू दे." नाना तयार झाले. खोटे ठरण्याची त्यांना भीती नव्हती.

सकाळी मी उजाडता उजाडता चहाची किटली घेऊन गेले. खाचरांवर धुकं होतं, शेड त्यात अर्धी बुडालेली, आणि डबा नुसताच अधांतरी ठेवल्यासारखा दिसत होता. सर आधीच आले होते. मौर्या कानटोपी घालून उभा. नानांनी आतून दार उघडलं आणि बोट वर केलं. "बगा!"

छताच्या पत्र्याला थेंब धरले होते. एखाददुसरा नाही, सगळं छतभर. उजेड आत गेला तसे ते चमकायला लागले. मी इतके कॅम्पर बघितले, पण एवढं सुंदर आणि एवढं लाजिरवाणं छत बघितलं नव्हतं. मधूनच एक थेंब घरंगळायचा, दुसऱ्याला मिळायचा, जड व्हायचा आणि टप्पकन उशीवर पडायचा.

तेवढ्यात चादर लपेटून बसलेल्या वहिनी वर बघत म्हणाल्या, "भाताच्या झाकनाला आतनं धरतंय तसंच हाय की ह्ये."

सरांनी कपाळावर हात मारला. "बरोबर आहे, वहिनी. हे बाहेरचं पाणी नाहीच." मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. माणसाच्या श्वासात पाणी असतं. ती उबदार हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि वरचा पत्रा बाहेरच्या थंडीने गार पडलेला. रात्रभर दोन माणसांचा श्वास त्या पत्र्याला लागून पाणी होतो. आमच्या ध्यानात कसं आलं नाही? मी झोपायचे ती एकटी, दुपारची, पावसाळ्यात. थंडीच्या रात्री, दोघांनी, दार लावून त्या शेडमध्ये कधी कुणी झोपलंच नव्हतं. पाणी आत यायच्या वाटा आम्हाला सगळ्या पाठ होत्या. ते आतच तयार होतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

नानांनी पुन्हा छताकडे बघितलं. "म्हंजी ह्ये पानी माजं?"

"तुमचंच," वहिनी म्हणाल्या. "रातभर उसासं टाकता. कुटं जातील ते?"

मौर्याला मराठी अर्धंच कळतं, पण त्यानेही मान खाली घातली. नानांनी एक बोट वर नेऊन थेंब पुसला आणि ते बोट धोतराला पुसावं तसं पँटीला पुसलं. मला त्या वेळी त्यांची फार दया आली. एवढा मोठा माणूस, चार मजल्यांचा धनी, आणि त्याच्या रात्री अशा छतावर मांडलेल्या, सगळ्यांनी बघाव्यात अशा.

उपाय साधा होता. छताला झरोका. आणि आतल्या पत्र्याला जाड कापडाचं अस्तर, ते माझं काम. पण झरोक्याचं नाव काढताच नाना पुन्हा उसळले. "छताला भोक न्हाई पाडू देनार! आज माजं पानी पडतंय, उद्या पावसाचं पडंल. मग मी कुटं जाऊ?"

सरांनी समजावलं, रबर दाखवलं, झाकण दाखवलं. नाना हलेनात. शेवटी मी पुढे झाले. "नाना, तुमी भोक पाडू द्या. मी त्याच्या बराबर खाली तोंड वर करून झोपते. पाइप तुमी धरायचा. पायजे तसं पानी मारा. माज्या तोंडावर थेंब पडला, तर डबा हितंच सोडून जावा, आमी एक शबुद बोलनार न्हाई."

"तुमी झोपनार?"

"मला दुसरं येतंय काय?"

ते हसले नाहीत, पण खाली बसले. मौर्याने छत कापायला घेतलं तेव्हा मात्र त्यांना बघवेना. पाठ फिरवून ते खाचराकडे तोंड करून उभे राहिले. पत्रा कर्कश ओरडला आणि छताच्या मध्यावर आभाळाचा एक चौकोन पडला. झाकण बसवलं, कडेने फटी बुजवायची लांबी भरली, ती वाळायला ठेवली. मी अस्तर शिवून चिकटवलं. ती दोघं घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत आली.

मी आत पडले. झाकण बंद, दार बंद. नानांनी पाइप घेतला, आणि काय सांगू, त्या माणसाने त्या झरोक्यावर जन्माचा राग काढला. वरून सरळ, मग तिरपा, मग धार बोटाने चेपून बारीक टोचरी करून फटीत. सगळी इमारत, सगळे ठेकेदार, सगळ्या बादल्या त्या पाण्यात होत्या. मी खाली डोळे मिटून पडले होते. नव्या अस्तरामुळे आवाज मऊ येत होता, लांब कुठेतरी नदी असावी तसा. ती नदी जवळ यायला लागली, माझ्या खालून वाहायला लागली, आणि दारावर धाडधाड झालं. नाना दार वाजवत होते. "ताई! झोपला का काय?"

मी बाहेर आले. त्यांनी माझं तोंड निरखून बघितलं, कपाळ, गाल, पापण्या. कोरडं. पाइप मौर्याच्या हातात देऊन ते म्हणाले, "सरका. मला बगू द्या खालनं."

ते चपला काढून आत गेले आणि उताणे पडले. दार उघडंच होतं. सरांनी वरून झाकण उचललं. आत वारा शिरला, माझ्या हाताला तो दारात लागला. शेजारच्या खाचरात भाताची झोडणी चालली होती. पेंढी फळीवर आपटल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, एका लयीत.

"कुनाचं भात झोडत्यात?" आतून नानांनी विचारलं.

"शेजाऱ्यांचं," मी म्हणाले.

"इंद्रायनी दिसतंय."

"व्हय."

"वास येतोय," नाना म्हणाले. मग जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं झाकणाची कड तपासतायत. मी वाकून बघितलं तर त्यांचं तोंड उघडं होतं आणि छाती सावकाश वर-खाली होत होती. मग पहिलं घोरणं ऐकू आलं.

वहिनींनी दोन्ही हात वर करून शेडकडे थांबा अशी खूण केली. आत ग्राइंडर चालू होता. सरांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मशीन थांबली, पंखे थांबले, हातोडीवाल्याने हातोडी गादीवर ठेवली. "सो गए?" मौर्याने नुसत्या ओठांनी विचारलं आणि मी मान डोलावली. एवढ्या माणसांची शेड अशी गप्प मी कधी ऐकली नव्हती. एकजण झोडणीवाल्यांना थांबा म्हणून सांगायला निघाला, तर वहिनींनी त्याचा शर्ट धरला. "त्यास्नी ऱ्हाऊ द्या," त्या कुजबुजल्या.

दुपार तशीच गेली. जेवणाचे डबे उघडून आम्ही बाहेर गवतावर जेवलो, कालवण वाढतानासुद्धा भांडं वाजू दिलं नाही. ठरल्याप्रमाणे पुण्याहून एक जोडपं कॅम्पर बघायला आलं. सर फाटकापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, आज दाखवता येणार नाही, आत एकजण झोपलाय. नवऱ्याला ते विचित्र वाटलं. बायको मात्र जरा पुढे आली, कान देऊन घोरणं ऐकलं आणि म्हणाली, "आपण उद्या येऊ." मी मशीनवर बसले नाही, नुसती सुईने एक खोळ टाचत राहिले. ऊन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गेलं. डोंगराची सावली खाचरात उतरली. सगळं आवार कुणाच्यातरी झोपेच्या आत बसल्यासारखं वाटत होतं, आणि आपण जोरात बोललो तर हे सगळं फुटेल अशी मला भीती वाटत होती.

उन्हं कलली तेव्हा नाना उठले. आधी खोकले. मग दारात बसून पाय खाली सोडले आणि कुठे आलोय ते आठवत राहिले. गालावर माझ्या खोळीची शिवण उमटली होती. "का उठवलं न्हाई कुनी?" ते चिडून म्हणाले, आणि नेहमीच्या सवयीने आवाज दिला, "अगं ए..."

उत्तर आलं नाही. नानांनी खाली बघितलं.

वहिनी डब्याच्या चाकाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मान एका बाजूला कलंडलेली, पदर खांद्यावरून घसरलेला, तळहात मांडीवर उघडे. गाढ झोपल्या होत्या. आम्ही सगळे दिवसभर नानांची झोप राखत बसलो आणि त्या बाईचा डोळा कधी लागला ते एकालाही दिसलं नाही. गच्चीवर कोण जातं, कुलूप कोण हलवतं, पाणी कोण पितं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं, म्हणजे इतकी वर्षं त्यासुद्धा जाग्याच होत्या. त्यांच्या झोपेचं आम्ही विचारलं नव्हतं. नानांनीही नसावं, कारण ते बराच वेळ त्यांच्याकडे अशा नजरेने बघत राहिले, की मला दुसरीकडे तोंड फिरवावं लागलं.

मग ते आवाज न करता खाली उतरले. आतली चादर ओढून त्यांनी वहिनींच्या अंगावर घातली आणि स्वतः त्यांच्या शेजारी, दुसऱ्या चाकाशी, मातीत बसले. सर मेन स्विचकडे निघाले होते. नानांनी त्यांना हाताने थांबवलं.

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "आजून जराशी बंदच ऱ्हाऊ द्या."